भार हाडावर हवा

लीड्स असो, लंडन असो की एडिंबरा, सायकलच्या दुकानात सीट बदलायला आलेली बाई हमखास एक गोष्ट करते. भिंतीवर टांगलेल्या सिटांपैकी सगळ्यात गुबगुबीत सीट शोधते आणि तिच्यावर अंगठा दाबून बघते. अंगठा खोल गेला की सीट पसंत. पहिली दहा मिनिटं ती खरोखरच छान वाटते. तासाभराने जांघेत जळजळ सुरू होते, पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येतात, आणि घरी पोचेपर्यंत बाईने ठरवून टाकलेलं असतं की सायकल आपल्याला झेपत नाही. दोष असतो तो अंगठ्याचा. अंगठ्याला बसायची हाडं नसतात.

लाकडी बाकावर ताठ बसून दोन्ही तळहात खाली सरकवले, तर मांसाच्या आत दोन टणक उंचवटे हाताला लागतात. श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाला आधार देणाऱ्या हाडांच्या पिंजऱ्याची ही सगळ्यात खालची टोकं. माकडहाडाशी त्यांची गल्लत करू नये. ते मागे आणि वर असतं. बैठक मारायची, पाटावर बसायचं, बसच्या सीटवर आदळायचं, हे सगळं काम जन्मभर ही दोन हाडं करत आलेली असतात. सायकलच्या सीटवर भार त्यांच्यावर पडला तर सुरुवातीला चार-आठ दिवस तिथे ठणकतं आणि मग थांबतं. भार त्यांच्या मधल्या जागेवर पडला तर गोष्ट वेगळी. तिथे भगोष्ठ आहेत, मूत्रमार्गाचं तोंड आहे, बारीक नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. या जागेला दाबाची सवय होत नाही. ‘होईल हळूहळू सवय’ हा सल्ला हाडांच्या दुखण्यापुरता खरा आहे. मधल्या दुखण्याला तो लावला तर नुकसान होतं. दुखतंय नेमकं कुठे, हा पहिला प्रश्न, आणि तो सीट विकणाऱ्याने विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारावा.

गुबगुबीत सीट नडते ती याच कारणाने. मळलेल्या कणकेत शेजारी शेजारी दोन मुठी दाबल्या की मधली कणीक फुगून वर येते. जेलमध्ये दोन हाडं रुततात तेव्हा तेच होतं: हाडांखालून हटलेलं जेल मधोमध वर चढतं आणि नको तिथे रेटा देतं. शिवाय मऊ सीट बहुधा पुढेही जाड असते, म्हणून पॅडल मारताना दोन्ही मांड्या तिला घासत राहतात. स्टेशनपर्यंत दहा मिनिटं जायचं असेल तर हे सगळं चालून जातं. तीस-चाळीस मैलांच्या रविवारच्या फेरीला चालत नाही.

आता माप. बहुतेक प्रौढांत या दोन हाडांमधलं अंतर १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान असतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त, पण सरासरीवर फार विसंबू नये, कारण बायका आणि पुरुष दोघांची मापं एकमेकांत भरपूर मिसळलेली असतात. ५०० जणांच्या गर्दीत पुरुषासारखी अरुंद हाडं असलेल्या बायका सापडतील आणि रुंद हाडांचे पुरुषही. अंगलटीवरूनही ओळखता येत नाही. सडपातळ बाईची हाडं लांब लांब असू शकतात, भरल्या अंगाच्या बाईची जवळ.

घरी मोजायला लागतो तो एक पन्हाळीचा पुठ्ठा, पार्सलच्या खोक्याचा असतो तसा. तो कडक, सपाट जागी ठेवायचा. ब्रिटनमधल्या घरांत जिन्याच्या पायऱ्यांवर गालिचा असतो, तेव्हा पायरी नको; लाकडी स्टूल बरं. पातळ कपड्यांत पुठ्ठ्यावर बसायचं, सायकलवर वाकतो तितकंच पुढे वाकायचं, टाचा थोड्या उचलायच्या आणि मिनिटभर हलायचं नाही. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर पेन्सिल आडवी धरून घासली की उमटतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. समजा, १२५ मिलिमीटर आलं. सीट तेवढीच रुंद घेतली तर हाडं तिच्या गोलसर कडांवर येतील आणि घसरतील, म्हणून पुढे वाकून चालवणारीने साधारण २० मिलिमीटर वाढवावेत आणि ताठ बसून चालवणारीने आणखी थोडे. चांगल्या दुकानांत एकाच सिटेचे दोन-तीन रुंदीचे प्रकार मिळतात. स्पेशलाइज्ड या कंपनीच्या सिटा १४३, १५५, १६८ अशा मिलिमीटरच्या आकड्यांनी विकल्या जातात. दुकानदाराला हा आकडा सांगितला की त्याच्या बोलण्याची तऱ्हाच बदलते. ‘लेडीज दाखवू का?’ हा प्रश्न मागे पडतो.

वाकण्यानुसार रुंदी का बदलते, याचं उत्तर पुन्हा श्रोणीतच आहे. ताठ बसलं की भार मागच्या दोन टोकांवर असतो. हँडलवर वाकलं की श्रोणी पुढे कलते आणि भार त्या टोकांवरून पुढे जाणाऱ्या हाडांच्या दोन पट्ट्यांवर येतो. या पट्ट्या पुढे पुढे एकमेकींकडे येत जातात, म्हणून जितकं वाकाल तितकी टेकायची जागा अरुंद, आणि तितका नाजूक भाग सिटेच्या जवळ. स्त्रियांमध्ये या पट्ट्यांमधला कोन पुरुषांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे सिटेचं अरुंद नाक त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सरळ शिरतं.

पुण्यात लेडीज सायकलवरून कॉलेजला गेलेली आणि पुढे इंग्लंडात येऊन स्थिरावलेली बाई म्हणूनच बुचकळ्यात पडते. तिकडे कर्वे रोडवरून फर्ग्युसनपर्यंत रोज जायचो, कधी काही दुखलं नाही. इथे इतकी महागडी सायकल घेतली आणि टेकवत नाही! तिची जुनी सायकल जड होती, तिला गिअर नव्हते, पण हँडल छातीच्या उंचीला होतं आणि खाली स्प्रिंगवाली रुंद सीट होती. बाई ताठ बसायची. भार जिथे पडायचा तिथे सीट रुंद होती. इंग्लंडात क्लबबरोबर जायचं म्हणून तिने रेसिंगच्या धाटणीची सायकल घेतली, तिच्यावर वाकून बसू लागली, आणि पहिल्याच महिन्यात वैतागून तिच्यावर जुन्यासारखी रुंद स्प्रिंगवाली सीट चढवली. बसायची पद्धत एक आणि सीट दुसऱ्याच पद्धतीची. ताठ बसायचं असेल तर रुंद, वाकायचं असेल तर बेताची. एकीची सीट दुसरीला लावली तर दोन्हीकडून जाच.

गंमत म्हणजे पुण्यातली ती सायकलही इंग्लंडातल्याच, बरमिंगहॅमच्या घराण्यातली. ती होती हर्क्युलिस, आणि ही कंपनी मूळची तिथली. भारतात हर्क्युलिस बनवणारी मद्रासजवळच्या अंबत्तूरची टीआय सायकल्स ही कंपनी निघाली ती १९४९ साली, ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत. पुण्याच्या बाईने चालवलेली ‘लेडीज’ सायकल, तिचा मधला दांडा खाली वाकवलेला, सीट आखूड नाकाची आणि रुंद, हा सगळा साचा व्हिक्टोरियन इंग्लंडातून आलेला. आणि त्या साच्याचा बाईच्या हाडांशी फारसा संबंध नव्हता. संबंध होता तो तिच्या झग्याशी.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेचा टायर काढला, आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या बायका सायकलवर बसल्या. पायघोळ झगा सांभाळायचा म्हणून दांडा खाली आला. झगा सिटेच्या नाकात अडकू नये म्हणून नाक आखूड झालं. झग्यात वाकता येत नाही म्हणून हँडल वर आलं आणि सीट रुंद झाली. पुढे झगा गेला, पँट आली, पण दुकानाच्या फळीवर ‘लेडीज’ म्हणून आखूड-रुंद सीट शंभर वर्षं तशीच बसून राहिली. ब्रूक्स कंपनीच्या प्रसिद्ध ‘बी १७’ या चामडी सिटेचा बायकांसाठीचा ‘एस’ नमुना आजही मुख्यतः लांबीनेच वेगळा आहे: रुंदीत किरकोळ फरक आणि नाक तीन सेंटीमीटरहून जास्त आखूड.

ब्रूक्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ब्रिटनमध्ये सिटेचा विषय निघाला की कुणीतरी मुरलेली सायकलस्वार ‘ब्रूक्स घे, आयुष्य सुधारेल’ असं सांगतेच. जॉन बूल्टबी ब्रूक्सने १८६६ मध्ये बरमिंगहॅमला चामड्याचा व्यवसाय सुरू केला. कंपनीच्या कथेप्रमाणे १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा परवडेना, म्हणून त्याने सायकल उसनी आणली आणि तिच्या सिटेने तो इतका हैराण झाला की स्वतःच सीट करायला बसला. पहिलं पेटंट १८८२ चं. पुढे कारखाना शेजारच्या स्मेथविकला गेला, २००२ मध्ये इटलीच्या सेल्ले रोयालने कंपनी विकत घेतली, पण सिटेची रचना तीच राहिली. जाड चामड्याचा एक तुकडा मागच्या पोलादी कमानीला आणि पुढच्या नाकाला रिव्हेट ठोकून ताणलेला असतो. खाली स्पंज नाही, जेल नाही, काहीच नाही. अंगठ्याच्या परीक्षेत ही सीट साफ नापास होते. पण चामडं झोळीसारखं ताणलेलं असल्यामुळे जिथे हाड टेकतं तिथेच ते हळूहळू खचतं, मधला भाग तसाच राहतो, आणि काही शे मैलांनंतर सिटेवर मालकिणीच्या हाडांचे दोन स्पष्ट ठसे दिसू लागतात. नाकाखाली एक नट असतो. चामडं फारच सैल पडलं तर तो पाव फेरा फिरवून ताण वाढवायचा. उत्साहाच्या भरात जास्त पिळू नये.

मला विचाराल तर ब्रूक्सची भक्ती थोडी आवरती घ्यावी. ठसे पडेपर्यंतचा काळ त्रासाचा असतो. पाऊस तिला सोसत नाही, आणि ब्रिटनमध्ये पाऊस विचारून येत नाही; भिजलेल्या चामड्यावर बसून राहिलं की ते बेढब होतं, म्हणून बाहेर उभ्या केलेल्या कित्येक सायकलींच्या सिटांवर सुपरमार्केटची पिशवी चढवलेली दिसते. आणि खूप वाकून चालवणाऱ्या बाईला तिच्या मधल्या कण्याचा जाच होऊ शकतो. कंपनीलाही हे ठाऊक असावं, कारण मधोमध लांबट खाच कापलेले नमुने ती विकते.

ही खाच आजकालची युक्ती वाटते, पण १८९० च्या दशकातच ‘आरोग्यदायी’ म्हणून मधे फट ठेवलेल्या आणि दोन गाद्या वेगळ्या केलेल्या सिटा जाहिराती करून विकल्या जात होत्या. त्यामागची काळजी मात्र वेगळीच होती. बाईला दुखेल यापेक्षा तिला सुख वाटेल, याची धास्ती डॉक्टरांना जास्त होती. न्यूयॉर्कच्या भागातले स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी १८९५ मध्ये याच विषयावर लेख लिहिला. ते एकूणात बायकांच्या सायकलच्या बाजूचे होते, तरी सीट कशी ठेवली तर ती उत्तेजक ठरेल याची चर्चा त्यांनाही टाळता आली नाही. इंग्लंडातही सूर फार निराळा नव्हता. १८९३ च्या सप्टेंबरात टेसी रेनल्ड्स या १६ वर्षांच्या मुलीने ब्रायटन ते लंडन आणि परत अशी शंभर मैलांहून लांब फेरी साडेआठ तासांच्या आसपास पुरी केली. वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिलं, पण ते तिने घातलेल्या तोकड्या विजारीबद्दल आणि पुरुषी सायकलबद्दल. इतक्या अंतरानंतर मुलीला बसवत होतं का, ही चौकशी त्या गदारोळात कुठेच नव्हती.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तर बायकांनी मोठमोठी अंतरं कापली आणि सिटेबद्दल चारचौघांत ब्र काढला नाही. १९५४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या आयलीन शेरिडन यांनी लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स, म्हणजे ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे ८७० मैल २ दिवस ११ तास ७ मिनिटांत पार केले आणि हजार मैल पुरे करायला पुन्हा सायकलवर बसल्या. उंची पाच फुटांना एक इंच कमी, आणि पाठीशी तीच हर्क्युलिस कंपनी. २०१८ मध्ये इन्व्हर्नेसच्या जेनी ग्रॅहम १२४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, आणि त्याच वर्षी बोर्नमथ विद्यापीठात शिकणारी पुण्याची वेदांगी कुलकर्णी पर्थहून निघून १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर फिरली. इतके दिवस जी सीट सोबत करते तिची निवड चाकांच्या किंवा गिअरच्या निवडीइतकीच महत्त्वाची, हे लांब पल्ल्याच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. शिकायचं होतं ते संघांच्या व्यवस्थापनांना.

ते शिक्षण ब्रिटनमध्ये घडलं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तयारीत. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंना सिटेमुळे गळवं, सूज, सालटं निघणं असा त्रास होता आणि सराव बुडत होता. संघाचे फिजिओथेरपिस्ट फिल बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घर्षणाचे अभ्यासक, पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि भगोष्ठांच्या आजारांच्या तज्ज्ञ अशा मंडळींना एकत्र बसवलं. बाहेर आलेला पहिला सल्ला अगदी साधा होता: तिथले केस काढू नका. केस घर्षण कमी करतात आणि घाम त्वचेपासून दूर नेतात; वॅक्स किंवा रेझरने त्वचेला बारीक इजा होते आणि तिथेच संसर्ग धरतो. खेळाडूंनी ऐकलं, आणि तक्रारी झपाट्याने ओसरल्या.

दुसरा मुद्दा कोनाचा होता. जागतिक सायकल संघटनेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सीट जवळपास आडवी लागायची, दोन-तीन अंशांचीच सूट होती. पाठलागाच्या शर्यतीत खेळाडू इतकी वाकते की आडव्या सिटेचं नाक तिच्या नाजूक भागावर सरळ रुततं. ब्रिटिश बाजूने पाठपुरावा झाला आणि २०१६ पासून नाक ९ अंशांपर्यंत खाली कलवायला परवानगी मिळाली. त्या ऑगस्टमध्ये केटी आर्चिबाल्ड, लॉरा ट्रॉट, एलिनॉर बार्कर आणि जोआना रॉसेल यांनी सांघिक पाठलागात विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवलं. पदक सिटेमुळे मिळालं असं कुणी म्हणणार नाही. पण न दुखता बसता आलं की सरावाचे तास वाढतात, एवढं तर खरं.

आपल्याला ९ अंश लागत नाहीत. गवंड्याची असते तशी छोटी पाणसळ, किंवा मोबाइलमधली, सिटेवर लांबीच्या दिशेने ठेवायची आणि आधी ती अगदी आडवी करायची. मग खालचा बोल्ट ढिला करून नाक जेमतेम अंशभर खाली. एक फेरी मारून यायचं. पुरत नसेल तर आणखी अंशभर. तिसऱ्या अंशाच्या पुढे बहुतेकींचं शरीर पुढे घसरू लागतं, भार हातांवर येतो आणि मनगटं भरून येतात. तसं झालं की मागे फिरायचं. कोन बदलला त्या दिवशी उंची बदलायची नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. सीट फार उंच असेल तर पॅडलपर्यंत पोचायला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि त्यातूनच घासून सालटं निघतात. मागून कुणाला तरी बघायला सांगितलं की लगेच लक्षात येतं. फार खाली असेल तर पाय भार उचलत नाहीत आणि सगळं वजन सिटेवर बसतं.

आणि कधी कधी सीट बिचारी निर्दोष असते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४८ सायकलस्वार स्त्रियांवर केलेल्या पाहणीत दिसलं की हँडल सिटेपेक्षा खाली असेल तर नाजूक भागावरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना मंदावते. हँडल वर घेणं किंवा आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा दांडा, लावून जवळ आणणं हे काम नव्या सिटेपेक्षा स्वस्त पडतं. बुटक्या बाईला लांब सायकल विकली गेली असेल, आणि ती सर्रास विकली जाते, तर सुरुवात इथूनच करावी.

बाकी गोष्टी थोडक्यात. गादीवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याची शिवणच कापते. क्रीम हवं तर लावावं, पण सीट चुकलेली असेल तर क्रीम तिला सुधारत नाही. खाच असलेली सीट सगळ्यांना मानवत नाही. काहींचे भगोष्ठ खाचेत सुजून तिच्या कडांवर घासतात, आणि त्यांच्यासाठी २०१८ मध्ये स्पेशलाइज्डने खाचेत वेगवेगळ्या मऊपणाचा फोम भरलेली ‘मिमिक’ आणली आहे. काही ब्रँड महिनाभर वापरून परत करायची मुभा देतात, काही दुकानं चाचणीची सीट उसनी देतात. दोन्ही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. रजोनिवृत्तीच्या सुमाराला त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हा वीस वर्षं चाललेली सीटही एकाएकी टोचू लागू शकते.

बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा एका बाजूची सूज उतरतच नसेल, तर सायकल बाजूला ठेवून जीपीकडे जावं. पॅरालिम्पिकमध्ये तीनचाकी सायकल चालवणाऱ्या स्कॉटलंडच्या हॅना डाइन्स यांनी २०१९ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की वर्षानुवर्षं सूज अंगावर काढल्यानंतर शेवटी त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अपॉइंटमेंट घेताना स्त्री डॉक्टर हवी असं सांगता येतं, आणि एनएचएसमध्ये श्रोणीच्या तक्रारींसाठी वेगळे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे पाठवा असंही म्हणता येतं. जाताना सिटेचा आणि हँडलचा बाजूने काढलेला एक फोटो बरोबर असावा.